कॅम्पवाल्यांना विचारा, तो रडायला लागला की काय करता?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. बोलणं म्हणजे "पाणी", "चल", "नको" एवढंच. आठवड्यातून दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि दोनदा स्पीच थेरपी चालू आहे. सुट्टी लागली की त्याची सगळी घडीच विस्कटते, झोप जाते, दिवसभर गोल गोल फिरत राहतो. मागच्या वर्षी कॉलनीतल्या साध्या समर कॅम्पला घातलं तर दुसऱ्याच दिवशी फोन आला, घेऊन जा म्हणून. यंदा इथल्याच एका सेंटरचा २१ दिवसांचा थेरपी कॅम्प आहे, फी १८ हजार, म्हणतात संपेपर्यंत बोलायला लागेल. सासूबाई म्हणतात पैसे कशाला घालवता, चांदवडला घेऊन या. काय करू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मागच्या वर्षीचा तो फोन तुम्हाला किती लागला असेल ते कळतंय मला. त्यात तुमच्या लेकाची काही चूक नव्हती.

आधी ते "बोलायला लागेल" बाजूला ठेवूया. २१ दिवसांत मूल बोलेल असं कुणीच लिहून देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे मी तरी माझं मूल पाठवणार नाही. पण म्हणून कॅम्प वाईट असं अजिबात नाही, कारण पाळी येईपर्यंत झोपाळ्याजवळ थांबणं, दुसऱ्या मुलाशेजारी बसून डबा खाणं, हे थेरपीच्या खोलीत शिकवताच येत नाही, तिथे दुसरी मुलंच नसतात ना.

पैसे भरायच्या आधी तिथे जा आणि विचारा, हा रडायला लागला, डोकं आपटायला लागला तर तुम्ही काय करता? "दोन दिवस रडू द्या, सवय होते" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. आमच्याकडे एका कॅम्पला असाच एक मुलगा होता, पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसला. आमच्या ओटी मॅडमनी त्याला ओढलं नाही, हॉलमधला खडखडणारा पंखा बंद केला, आणि माती घेऊन त्याही टेबलाखाली जाऊन बसल्या, एक शब्द न बोलता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून मातीसाठी हात पुढे केला आणि चौथ्या दिवशी टेबलाच्या बाहेर आला. रडण्यामागे काहीतरी असतंच, आवाज, उकाडा, कपड्याचं टोचणारं लेबल, ते शोधणारी माणसं हवीत.

बाकी स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटरचा आरसीआय नंबर, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक बघा, बिनधास्त मागा, लाजू नका. एका मोठ्या माणसामागे दोन-तीनच मुलं हवीत. तुमच्या मुलासाठी ठरवलेली दोन-तीन उद्दिष्टं लेखी घ्या, म्हणजे "एकाग्रता वाढवणे" असलं मोघम नाही, "हात धुऊन नळ स्वतः बंद करणे" असं. गेटला कडी आहे का ते डोळ्यांनी बघा, ही मुलं नजर चुकवून निघून जातात आणि पाण्याकडे फार ओढली जातात, त्यामुळे गोदाघाटाची किंवा स्विमिंग पूलची सहल असेल तर प्रत्येक मुलामागे एक माणूस, यात तडजोड नको. फिट्सचं औषध चालू असेल तर सांगून ठेवा. आणि वेळ सकाळचीच निवडा, मे महिन्यात दुपारी नाशकात मोठ्यांनाही सहन होत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं हो! उन्हाळ कांदा निघालेला असतो, चाळीत भरायचं काम चालू असतं, त्याला सकाळी लवकर छोटी पाटी भरून न्यायला द्या, अर्धी बादली पाणी उचलून झाडाला घालू द्या, कणीक तिंबू द्या. जड उचलणं, ढकलणं, दाबणं, ओटीत आम्ही हेच करून घेतो, त्याने बरीच मुलं शांत होतात आणि झोपही सुधारते. म्हणून मी म्हणेन, कॅम्पवाल्यांची तयारी असेल तर १०-१२ दिवस अर्धा दिवस कॅम्प, मग चांदवड, आणि १५ जूनला शाळा उघडायच्या आठवडाभर आधी घरी, उठण्या-झोपण्याच्या वेळा परत बसवायला. स्पीचच्या मॅडमकडून रोज घरी करायच्या दोन गोष्टी लिहून घ्या, सुट्टी म्हणून सगळंच बंद करू नका.

पैशांचा ताण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात चौकशी करा, शून्य ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ती सरकारी सोय आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्र असलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो, त्यात एक लाखापर्यंत कव्हर आहे आणि नेहमीच्या थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

कॅम्प ठरला तर आधी दोनदा त्याला तिथे नुसतं फिरवून आणा, गेटचा, झोपाळ्याचा, तिथल्या मॅडमचा फोटो काढून रोज झोपताना दाखवा. भिंतीवर कॅलेंडर लावा, रोज एक चौकोन त्याच्याच हाताने खोडू द्या, आणि कॅम्प संपल्यानंतरच्या चौकोनात चांदवडच्या आजीचा फोटो चिकटवा.