आयएनएस खांदेरी खरंच समुद्रात जाते, की गोदीतच बांधून ठेवलेली असते?

तुमचा प्रश्न असा: २०१९ मध्ये नौदलात आलेल्या खांदेरी पाणबुडीची सेवेची नोंद शोधली तर चार ओळींपुढं काही सापडत नाही, मग हजारो कोटींची ही बोट करते तरी काय? आणि निपाणीचा तुमचा पुतण्या याच शाखेत जायचं म्हणतोय, म्हणून घरात काळजी.

समुद्रात जाते. उरलेलं सावकाश सांगतो. मी खानापूर तालुक्यातला. पाणबुडी शाखेत इलेक्ट्रिकलला होतो, पण रशियन बनावटीच्या जुन्या बोटींवर, खांदेरीवर नव्हे. त्यामुळं तिच्याबद्दल जे लिहितोय ते सगळं सरकारी पत्रकांत आणि वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं आहे. ती नोंद वाचायची कशी, तेवढं माझ्या पदरचं.

आमच्याकडं गल्लीगल्लीत फौजी. बेळगावात मराठा सेंटर आहे, त्यामुळं मिलिटरी म्हणजे काय हे पोरासोरांनाही ठाऊक. सुट्टीवर आलेला जवान पारावर बसून पूंछ सांगतो, सियाचीन सांगतो. नेव्हीतला, त्यातही पाणबुडीतला, मात्र काही सांगत नाही. मग लोकांना वाटतं, याला कामच नसणार. तुमचा प्रश्न मला नवा नाही.

आधी तारखा. फ्रेंच कंपनीशी सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. बांधणी मुंबईत, माझगाव डॉकमध्ये. खर्च आधी १८,७९८ कोटी ठरला, पुढं तो २३,५६२ कोटींवर गेला; म्हणजे एका बोटीमागं चार हजार कोटींच्या जवळपास. पहिली बोट डिसेंबर २०१२ मध्ये मिळायची होती. ती, म्हणजे कलवरी, १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली. खांदेरी दुसरी. तिचं जलावतरण १२ जानेवारी २०१७ ला झालं, धुळ्याचे सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. १ जून २०१७ ला सागरी चाचण्या सुरू झाल्या, सप्टेंबर २०१९ मध्ये ती नौदलाच्या ताब्यात आली आणि २८ सप्टेंबरला राजनाथ सिंह यांच्या हस्ते कमिशन झाली.

यात उशीर कुठं झाला ते लोक चुकीच्या जागी शोधतात. चाचण्यांना दोन वर्षं लागली म्हणून बोंब मारतात. अहो, लागणारच. बोट एका दमात तीनशे मीटर खाली नेत नाहीत. थोडं खाली जायचं, एकेक व्हॉल्व्ह, एकेक जोड तपासायचा, वर यायचं, पुन्हा थोडं जास्त खाली. कुठल्या पंपाचा किती आवाज बाहेर जातो तो मोजायचा. बोटीत साधारण साठ किलोमीटर केबल आणि अकरा किलोमीटर पाइप आहे. त्यातलं काय कुठं कुरकुरतंय हे काढायला वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो. खरा उशीर त्याच्या फार आधीचा. माझगाव डॉकनं आधीची पाणबुडी, जर्मन आराखड्याची शंकुल, १९९४ मध्ये दिली. जर्मन बोटींच्या खरेदीत दलालीचे आरोप झाले, पुढची कामं थांबली आणि पाणबुडीच्या पोलादाला वेल्डिंगचे टाके घालायचं शिकलेली माणसं पांगली. कोण निवृत्त झालं, कोण आखातात गेलं. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं म्हटलं की २०१२ चे २०१७ होतात. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सर्वात महाग निर्णय तोच होता, आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

आता कमिशननंतरचं. इथं तुमच्या चार ओळी सुरू होतात. खांदेरी पश्चिम कमांडची बोट. २७ मे २०२२ ला राजनाथ सिंह कारवारला तिच्यातून समुद्रात गेले, चार तासांहून जास्त वेळ, पाण्याखालच्या कवायती बघितल्या. तेवढ्यापुरतं तिचं नाव सगळीकडं आलं. सीमालढ्याच्या घोषणेत बेळगावच्या जोडीनं ज्या कारवारचं नाव आपण घेत आलो, तिथलाच हा नौदल तळ. त्याचं नाव आयएनएस कदंब. ज्या कदंबांची एक राजधानी आमच्या तालुक्यातल्या हलशीला होती, तेच हे. रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरलं की आलंच कारवार. पण तिथं जाऊन रस्त्यावरून पाणबुडी दिसेल अशी आशा धरू नका.

पुढची ओळ मे २०२५ ची. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी नौदलानं पत्रकार परिषदेत सांगितलं की विमानवाहू नौकेचा ताफा, युद्धनौका आणि पाणबुड्या उत्तर अरबी समुद्रात तैनात होत्या. पाणबुड्या, एवढंच. कुठल्या, किती, कुठं, याबद्दल अवाक्षरही नाही. खांदेरी त्यात होती का, हे सांगायला कुणी बांधील नाही आणि सांगणारही नाही.

याच जातीच्या दुसऱ्या बोटी कधीमधी वर दिसल्या आहेत, त्यावरून अंदाज बांधता येतो. वागीर जून २०२३ मध्ये कोलंबोला गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थेट ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला. करंज फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलंबोला होती. गोदीत बांधून ठेवलेली बोट ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन परत येत नाही. आणि कुठल्याही नौदलाचा ढोबळ ठोकताळा असा की तीन पाणबुड्या असतील तर एक गस्तीवर, एक सराव-तयारीत आणि एक दुरुस्तीत. म्हणजे गोदीत दिसणारी बोटही रिकामी बसलेली नसते. जुन्या बोटींवर तर आम्ही समुद्रापेक्षा जास्त घाम जेट्टीवर गाळलाय.

गस्तीवर नेमकं काय करते ते समजायचं तर बॅटरी समजली पाहिजे, आणि हा माझा विषय, त्यामुळं जरा लांबेल. खांदेरी अणुशक्तीवर चालत नाही. तिच्या पोटात बॅटरीचे ३६० सेल आहेत, एकेक ७५० किलोचा. म्हणजे २७० टन नुसती बॅटरी, आणि सगळी बोट पाण्याखाली १,७७५ टनांच्या आसपास. पाण्याखाली सगळं याच बॅटरीवर: मोटर, सोनार (पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र), हवा, स्वयंपाक. अगदी सावकाश चालवलं तर काही दिवस निघतात. पूर्ण वेगानं, वीस नॉटनं (ताशी साधारण ३७ किलोमीटर), पळवली तर तास-दोन तासांचा खेळ. मग चार्जिंग. त्यासाठी डिझेल इंजिन चालवायचं, इंजिनाला हवा लागते, म्हणून पेरिस्कोपच्या खोलीपर्यंत वर येऊन एक नळी पाण्याबाहेर काढायची. याला स्नॉर्ट म्हणतात. पाणबुडीच्या दृष्टीनं दिवसातला सगळ्यात वाईट वेळ तोच: इंजिनाचा आवाज, नळीवर रडार पडायची भीती, गरम धूर. वर शत्रूचं विमान असेल तर गोष्ट अवघड. त्यामुळं कप्तानाचं अर्धं डोकं कायम एकाच हिशेबात असतं, आता किती खर्चायची आणि पुन्हा कधी, कुठं भरायची.

आमच्या बोटींवर सेल तपासायला बॅटरीच्या खोलीत पोटावर आडवं होऊन सरकावं लागायचं. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो बाहेर काढला नाही तर एक ठिणगी पुरे. समुद्राचं पाणी ॲसिडला लागलं तर क्लोरीन तयार होतो. म्हणून पाणबुडीत इलेक्ट्रिकलवाला झोपला तरी एक कान उघडा असतो. हे कुठल्याच नोंदीत येत नाही, पण गस्त म्हणजे बहुतेक हेच असतं. बाकी वेळ ऐकत बसायचं: कुठलं जहाज गेलं, त्याच्या पंख्याचा आवाज कसा आहे, तो नोंदवून ठेवायचा. युद्ध नसताना जमवलेली ही आवाजांची वही युद्धात कामाला येते.

आणि अशी एखादी बोट कुठंतरी आहे, एवढ्या शंकेनं काय होतं ते १९७१ ला दोन्ही बाजूंनी बघितलंय. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. हंगोर फ्रेंच बनावटीची, डिझेल-बॅटरीवरची. एका बोटीसाठी मग आपल्या जहाजांना, विमानांना किती दिवस समुद्र पिंजून काढावा लागला, आणि ती सापडलीच नाही. त्या वेळी आपल्याकडं आधीची खांदेरी होती, रीगाहून १९६८ मध्ये आलेली सोव्हिएत बोट. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली, आताच्या बोटीनं तिचं नाव पुढं चालवलंय. नावाचं मूळ अर्थातच अलिबागसमोरचा महाराजांचा जलदुर्ग. १६७९ ला मायनाक भंडारी आणि दौलतखानानं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ते बेट राखलं होतं.

तुम्हाला तक्रारच करायची असेल तर ‘ती दिसत नाही’ ही करू नका. करण्यासारख्या दुसऱ्या आहेत. पहिली टॉरपीडोची, म्हणजे पाण्याखालून सोडायच्या स्फोटक अस्त्राची. या सहा बोटींसाठी ९८ इटालियन टॉरपीडो घ्यायचे होते. त्या कंपनीच्या समूहाचं नाव व्हीआयपी हेलिकॉप्टरच्या भानगडीत आलं आणि २०१६ मध्ये ती खरेदी रद्द झाली. मग नव्या कोऱ्या बोटींना शिशुमार जातीच्या, म्हणजे शंकुलसारख्या, बोटींसाठी घेतलेले जुन्या पिढीचे जर्मन टॉरपीडो लावले. एक्झोसेट क्षेपणास्त्र आहे, मार्च २०१७ मध्ये कलवरीनं ते डागूनही दाखवलं. पण ते जहाजाविरुद्ध चालतं. समोर पाणबुडी असेल तर टॉरपीडोच लागतो. चार हजार कोटींची बोट आणि तिच्या नळ्यांत मागच्या पिढीचं हत्यार, हे मला आजही पचत नाही. देशी टॉरपीडो बसवण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला.

दुसरी तक्रार एआयपीची. हवा न घेता पाण्याखालीच वीज तयार करणारी ही यंत्रणा बसवली की स्नॉर्टसाठी वर यायची गरज खूप कमी होते. पाकिस्तानच्या अगोस्टा बोटींवर ती आहे. आपली यंत्रणा अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं बनवली, मार्च २०२१ मध्ये जमिनीवर तिची मोठी चाचणी झाली, आणि बोटीत घालायच्या कामाचा करार वर सांगितलेल्या टॉरपीडोच्या कराराबरोबरच झाला. बोट मधोमध कापून एक नवा तुकडा जोडायचा असतो, त्यामुळं हे मोठ्या रिफिटमध्येच, म्हणजे गोदीतल्या मोठ्या दुरुस्तीतच, होणार. सहाव्या बोटीपर्यंत, म्हणजे जानेवारी २०२५ च्या वागशीरपर्यंत, एकाही बोटीत ते जन्मतः बसलं नाही. २०१६ ला या बोटींची हजारो पानांची कागदपत्रं फुटली त्यावर जेवढी आरडाओरड झाली, तेवढी यावर झाली असती तर बरं झालं असतं.

पुतण्याचं आता. अग्निवीर म्हणून एसएसआरला (बारावी झालेल्यांच्या नौसैनिक भरतीला) जायचं तर बारावीला गणित आणि फिजिक्स पाहिजे. सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला. पाणबुडी शाखा ऐच्छिक आहे, जबरदस्तीनं कुणाला घालत नाहीत. मेडिकल कडक, त्यात कान महत्त्वाचा. मग विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनमध्ये शाळा, बुडालेल्या बोटीतून बाहेर यायचा सरावही असतो. त्यानंतर बोटीवर एकेक पाइप, एकेक स्विच पाठ करायचा, अंधारात हात गेला पाहिजे. तोंडी परीक्षा झाली की मग छातीवर डॉल्फिनचा बिल्ला. भत्ता चांगला आहे. फोन मात्र लागणार नाही, कधी येणार तेही कळणार नाही, ही गोष्ट त्याच्या आईला आधीच सांगून ठेवा.

आणि अर्ज भरायच्या आधी एकदा त्याला विशाखापट्टणमला घेऊन जा. आरके बीचवर कुरसुरा पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे, तिकीट काढून आत जाता येतं. जुन्या खांदेरीची सख्खी बहीण ती. पोराला त्या गोल दारांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, बंकची रुंदी बघू द्या आणि बाहेर आल्यावर विचारा. सोमवारी सहसा बंद असते, त्या हिशेबानं रिझर्व्हेशन करा.