खताच्या गोणीवरचं इंग्रजी

प्रिय पोरी,

फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. "पाचवीच्या पोरांना एबीसीडी येते, पण ओळ वाचता येत नाही, पुन्हा पहिलीपासून सुरुवात करू का?" असं तू विचारलंस. करू नकोस.

मी शाळेत होतो तेव्हा इंग्रजी पाचवीतच सुरू व्हायचं. कोरी चाररेघी वही, कोरा विषय आणि वर्गात सगळेच सारखे अडाणी. 2000 साली आपल्याकडे ते पहिलीपासून आलं. म्हणजे तुझी पोरं चार वर्षं इंग्रजी 'शिकून' आलीत, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी 'आपल्याला हे जमत नाही' हे मनाशी पक्कं करून टाकलंय. दहा वर्षांच्या पोराला पुन्हा 'ए फॉर ॲपल' म्हणायला लावलंस, तर त्याला लाजच वाटेल.

मी एकदा घरातलं काहीही इंग्रजी छापलेलं आणा म्हणून सांगितलं. बिस्किटांचे पुडे आले, साबणाची वेष्टणं आली. मागच्या बाकावरच्या एकाने युरियाची रिकामी गोणी घडी घालून आणली आणि बोट ठेवून वाचलं, "नेट वेइगत." वर्ग खिदळला. मी विचारलं, "वेइगत कसं रे?" तो म्हणाला, "गुरुजी, डब्लू, ई, आय, जी, एच, टी. सगळी म्हटली की!"

त्याचं काय चुकलं? देवनागरीत लिहिलं तसं वाचायचं असतं, म्हणून त्याने प्रत्येक अक्षराला इमानदारीने आवाज दिला. मी फळ्यावर 'एट' लिहिलं. तो त्याला अंकांमुळे पाठ होता. खाली एटीन, एटी. मग पहिल्याच्या आधी डब्लू जोडला. दोन क्षण शांतता, आणि तोच ओरडला, "वेट! नेट वेट 45 केजी!" धडा त्या दिवशी उघडलाच नाही.

म्हणून शब्द सुटे देऊ नकोस, गोतावळ्याने दे. लाईट, नाईट, राईट, फाईट एकाच दिवशी. दहादा लिहून आणायला सांगू नकोस, तोंडाने म्हणवून घे.

पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीने 'धिस इज' असं देवनागरीत लिहिलेलं सापडेल. खोडरबर घेऊन धावू नकोस. "जे शब्द आता न बघता येतात, तेवढेच खोड" एवढंच सांग. पोरं स्वतः मोजतात, आज किती खोडले.

'बुक टेबल ऑन' असं ऐकलंस तर तो मराठीचा क्रम आहे. आपला 'वर' टेबलाच्या मागे चिकटतो, इंग्रजीतला 'ऑन' टेबलाच्या पुढे येतो. हे मराठीतच समजाव, डस्टर टेबलावर, खाली, मागे ठेवून दाखव. इंग्रजीच्या तासाला मराठी का, असं तपासणीला आलेलं कुणी विचारेल. मान हलव आणि शिकवत राहा. मी तीस वर्षं तेच केलं.

कुणी "यस्टरडे आय गो बाजार" म्हणालं की मध्येच तोडू नकोस. "ओ, यू वेंट टू द बाजार? व्हॉट डिड यू ईट?" म्हण. 'वेंट' त्याच्या कानावरून चार-पाच वेळा गेला की एक दिवस आपोआप तोंडात येतो. ज्याला मध्येच तोडलं, तो मात्र पुन्हा हात वर करत नाही.

पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापासाला पुन्हा बसावं लागतं, हे ठाऊक आहे. ती तयारी फेब्रुवारीत लाव. जूनपासून प्रश्नपत्रिका घोकवल्यास तर पोरं तुझ्याशीही बोलायची बंद होतील.

आणि हो, तुझ्या गावात द्राक्षबागा आहेत म्हणालीस. वेष्टणं आणायला सांगशील तेव्हा फवारणीच्या औषधांचे डबे आणायचे नाहीत, रिकामेसुद्धा नाहीत, हे आधी बजाव. मी सांगायला विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन डबे होते.

तुझा,
गुरुजी