पाच जणांनी मिळून, स्टेट पार्कात तंबू टाकत, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा किनारा सायकलवर करायचा आहे. जमेल का?

तुम्ही पुण्याहून पाच जण येताय, वयं ४२ ते ५८, रविवारी सिंहगड पायथ्यापर्यंतची राइड ठरलेली, दोघांनी पुणे-गोवा केलंय. प्रश्न तीन: रोज किती किलोमीटर धरावे, सामानाला गाडी बरोबर घ्यावी का, आणि दिवसभर सायकल हाणून रात्री तंबूत झोप लागते का. मी पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत राहते. हा किनारा दोनदा केलाय, एकदा चौघांत आणि एकदा सात जणांत. चौघांत मजा आली, सात जणांत अक्कल आली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

जमेल. आधी रस्ता समजून घ्या. उत्तरेला अ‍ॅस्टोरिया, म्हणजे कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ ब्रुकिंग्ज. मधे साधारण ६०० किलोमीटर, त्यातले बहुतेक हायवे १०१ वरून. जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडेच. उन्हाळ्यात वारा वायव्येकडून येतो आणि दुपारनंतर तो असा काही पाठीला लागतो की पोर्ट ऑरफर्डच्या आसपास मी पायडल न मारता सपाटीवर चाललेय. उलट्या दिशेने येणारा एक जर्मन गडी भेटला होता, त्याचा चेहरा बघून त्याला 'कसं चाललंय' विचारायची हिंमत झाली नाही. दक्षिणेकडे जाताना समुद्रही आपल्याच हाताला राहतो, कारण इथे उजवीकडून चालवायचं. तुमचा आरसा उजव्या हँडलला असेल तर तो डावीकडे बसवून घ्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या दिवशी आमच्यातल्या पाहुण्याची मान दर दोन मिनिटांनी नको त्या बाजूला वळत होती.

मुक्काम आम्ही असे केले: फोर्ट स्टीव्हन्स, नेहेलम बे, केप लुकआउट, बेव्हर्ली बीच, हनीमन, सनसेट बे, हंबग माउंटन आणि शेवटी ब्रुकिंग्जचं हॅरिस बीच. ही सगळी स्टेट पार्कं आहेत. रोजचं अंतर ६५ ते १०० किलोमीटर पडतं, सात दिवसांत होतं. पण तुम्ही सात दिवसांत करू नका, नऊ धरा. पुणे-गोवा केलेल्यांना १०० किलोमीटर म्हणजे काहीच वाटणार नाही, हे मला माहीत आहे. हा रस्ता मात्र आपल्या कोकणातल्या किनारी रस्त्याच्या जातीचा आहे. एक डोंगर समुद्रात घुसलेला, त्यावर चढा, खाली उतरा, खाडी ओलांडा, परत चढा. एकही चढ खंबाटकीएवढा नाही, पण संपतही नाहीत. कोकणात निदान दाभोळ-धोपाव्याच्या फेरीत बसून घाम तरी पुसता येतो. इथे खाड्यांवर पूल आहेत. न्यूपोर्ट, फ्लॉरेन्स, रीड्सपोर्ट आणि कूस बेचे सुंदर पूल एकाच इंजिनिअरने, कॉन्डी मॅककलोने बांधून घेतले आणि चारही १९३६ मध्ये पूर्ण झाले. बघायला देखणे, पण सायकलसाठी वेगळी जागा ठेवायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार? कूस बेच्या पुलावर आम्ही सरळ उतरलो आणि सायकली हातात धरून फुटपाथवरून चालत गेलो. आडवा वारा आणि शेजारून ओंडके लादलेले ट्रक. त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण खरी गोम तिथे आहे. ऑरेगनच्या बहुतेक किनारी पार्कांत पायी किंवा सायकलवर येणाऱ्यांसाठी वेगळी सामाईक जागा राखलेली असते. तिला हायकर-बाइकर कॅम्प म्हणतात. आरक्षण लागत नाही. पोचायचं, माणशी थोडे डॉलर भरायचे, तंबू टाकायचा. शेजारच्या मोटारवाल्यांनी सहा-सहा महिने आधी जागा धरलेली असते आणि तुम्ही संध्याकाळी सातला डुलत येऊन राहता. शॉवरला गरम पाणी असतं, त्यासाठी नाणी टाकावी लागत नाहीत. बऱ्याच पार्कांत खाण्यापिण्याला कुलूपबंद खण आणि फोन चार्ज करायची सोयही झाली आहे. पण ही जागा फक्त स्वतःच्या पायांवर आलेल्यांसाठी आहे. सामानाची व्हॅन घेतलीत की तुम्ही मोटारवाले झालात, म्हणजे नेहमीची जागा घेणं आलं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती आयत्या वेळी मिळत नाही. एका जागेत आठ माणसं मावतात, त्यामुळे पाच जणांना एक पुरेल. प्रत्येक मुक्कामाचं आरक्षण झालं की वेळापत्रकही गळ्यात पडलं. एखाद्याचा गुडघा दुखला म्हणून एक दिवस जास्त थांबू म्हणाल तर पुढच्या साऱ्या तारखा कोसळतात.

माझं मत विचाराल तर व्हॅन नको. सायकलला मागे दोन पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लावा, माणशी बारा किलोच्या आत सामान ठेवा. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, इथेच घ्या. भाजणी, मेतकूट, पोहे हिल्सबरो-बीव्हर्टनच्या देशी दुकानांत मिळतात, तिकडून ओझं आणू नका. मेतकूट-भात हा कॅम्पवरचा राजा आहे. पिठल्याच्या भानगडीत पडू नका. आम्ही नेहेलम बेला पडलो होतो. वाऱ्याने ज्योत आडवी होत होती, तिघं गुडघ्यावर बसून अंगातल्या जाकिटांचा आडोसा धरून, चौथी डाव फिरवतेय, आणि तरी खाली करपलं नि वर कच्चं राहिलं. खाल्लं सगळ्यांनी. ८० किलोमीटरनंतर करपलेलं पिठलंही वाटून घेताना भांडणं होतात.

खाणं तंबूत ठेवू नका, हे लाल शाईत लिहून ठेवा. त्याच रात्री माझ्या पॅनियरमध्ये शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. रात्री दोनच्या सुमाराला चेन उघडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, आमच्यातलंच कोणीतरी गुपचूप उठलंय. टॉर्च मारला तर रॅकून, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला इथला निशाचर प्राणी. त्याने चेन दोन हातांनी नीट बाजूला सरकवली होती, डब्याचं झाकण उघडून मांडीवर घेतल्यासारखा धरला होता आणि एकेक लाडू फिरवून बघून खात होता. उजेड पडल्यावर माझ्याकडे बघितलं आणि पुढचा लाडू उचलला. खाण्यासाठी कुलपाचे खण ठेवलेत ते याच लोकांसाठी.

आता सात जणांत आलेल्या अकलेबद्दल. आमच्यात एक डोंबिवलीकर होते, पायात इंजिन. एक नागपूरकर काका, ६१ वर्षांचे, चिवट पण सावकाश. पहिल्या दिवशी सगळे एकत्र निघालो. डोंबिवलीकर आणि आणखी दोघं कॅनन बीचला पोचून आमची वाट बघत बसले, दीड तास. तिथे जुलैतही सकाळी धुकं असतं आणि हवा १४-१५ अंशांवर. घामाने भिजलेले हे तिघं समोरचा तो प्रसिद्ध खडक, हेस्टॅक रॉक, बघत कुडकुडले. इकडे काकांना वाटलं आपल्यामुळे सगळे खोळंबलेत, म्हणून ते खायला थांबलेच नाहीत. पुढे नीआकाहनी डोंगराच्या चढावर त्यांचे हातपाय गळाले आणि ते रस्त्याच्या कडेला खाली बसले. खजूर आणि मीठ-साखरेचं पाणी देऊन अर्ध्या तासाने उठवलं. चूक त्यांची नव्हतीच, निघण्याच्या पद्धतीची होती. दुसऱ्या दिवसापासून काका आणि त्यांच्याबरोबर एक जण सकाळी सातला निघायचे, बाकीचे साडेआठला, आणि डोंबिवलीकर भांडी घासून, सगळ्यांच्या मागे कचरा उचलून नऊला. वाटेत फक्त एक ठिकाण ठरलेलं, तिथे जेवायचं. टिलामुकच्या चीज फॅक्टरीत काका आमच्या आधी पोचून आइस्क्रीम खात बसले होते. तो चेहरा मी विसरणार नाही. तुमच्यात ४२ आणि ५८ आहेत, पायांचा वेग वयाने ठरतो असं नाही, पण फरक असणारच. जो मागे राहतो त्याचा दिवस जसा जाईल तशी तुमची टूर जाईल, त्यामुळे रोजचं अंतर त्याला विचारून ठरवा, पुणे-गोवावाल्यांना विचारून नको.

एका जागी मात्र सगळे एकत्र या: आर्च केपचा बोगदा, कॅनन बीचच्या दक्षिणेला. साडेतीनशे मीटरच्या आसपास लांब, आत कडेला जागा जवळपास नाही. तोंडाशी एक बटण आहे. ते दाबलं की पिवळे दिवे लुकलुकायला लागतात आणि आत सायकलवाले आहेत हे गाड्यांना कळतं. मागचे दिवे लावा, गॉगल काढा, गाड्यांचा लोंढा जाऊ द्या, बटण दाबा आणि एका रांगेत निघा. आत मागून एखादी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, आली तर तिचा आवाज भिंतींवर आपटून ट्रेनसारखा येतो. ती हळूच मागे थांबलेली असते, पण हे कळायला बाहेर पडावं लागतं. असाच आणखी एक बोगदा हेसेटा हेडच्या दीपगृहाजवळ आहे.

एक दिवस आराम ठेवा आणि तो हनीमनला ठेवा. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, वाळूच्या टेकड्या थेट गोड्या पाण्याच्या तळ्यात उतरतात. कपडे धुवा, पोहा, सायकलकडे बघूही नका. बेव्हर्ली बीचही छान, कॅम्पमधून हायवेच्या खालून चालत थेट वाळूवर जाता येतं. किनाऱ्यावर कुठेही उतरलात तरी 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी आडवी येत नाही. ओस्वाल्ड वेस्ट या गव्हर्नरने १९१३ मध्ये हा किनाराच सार्वजनिक हायवे म्हणून जाहीर करून टाकला, आणि १९६७ च्या कायद्याने कोरड्या वाळूवरचा लोकांचा हक्कही पक्का झाला. त्या वेस्टच्या नावाचं पार्क बोगदा संपल्यावर थोड्याच वेळात लागतं.

सरावासाठी थेट किनाऱ्यावर जाऊ नका. आधी बँक्स-व्हर्नोनिया ट्रेल करा, जुन्या रेल्वेमार्गावरची २१ मैलांची पक्की वाट, मोटारी नाहीत. मधेच एल. एल. स्टब स्ट्युअर्ट स्टेट पार्क आहे, तिथेही तंबू टाकायची सोय आहे. हिल्सबरोपर्यंत पोर्टलंडहून मॅक्स ही लोकल ट्रेन सायकलसकट येते, पुढे सायकलवर बँक्स. एक रात्र काढा. पॅनियर कुठे घासतं, कोणाचा तंबू गळतो, कोण घोरतं, सगळं तिथेच उघडं पडेल आणि हिल्सबरोला परतायला दोन तास लागतील. ब्रुकिंग्जहून परत येणं मात्र कटकटीचं आहे, ट्रेन नाही. आम्ही एकतर्फी भाड्याची व्हॅन घेतली, सायकली आत कोंबल्या, पोर्टलंडपर्यंत सहा तास. हे आधीच ठरवून या.

ब्रुकिंग्जला पोचल्यावर तिथल्या वाचनालयात जाऊन या. पहिला मुक्काम फोर्ट स्टीव्हन्स, तिथे जून १९४२ मध्ये आय-२५ या जपानी पाणबुडीने रात्री तोफगोळे टाकले होते. त्याच पाणबुडीवरून सप्टेंबरमध्ये छोटं विमान उडवून नोबुओ फुजिता या वैमानिकाने ब्रुकिंग्जजवळच्या जंगलात बॉम्ब टाकले. फुजिता १९६२ मध्ये गावाच्या बोलावण्यावरून परत आला आणि त्याने आपल्या घराण्याची पिढीजात तलवार गावाला दिली. ती वाचनालयात ठेवलेली आहे. आमचे डोंबिवलीकर सायकलच्या बुटांनी टकटक करत आत गेले आणि तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "माणूस परत आला, हे जास्त अवघड."

राहिला झोपेचा प्रश्न. पहिल्या रात्री लागत नाही. लाटांचा आवाज फोटोत नसतो ना, तो रात्रभर असतो. दुसऱ्या रात्री रॅकून. तिसऱ्या रात्री मी बूट काढायला तंबूच्या दारात बसले, एक बूट काढला आणि सकाळी सहाला काकांनी हाक मारली तेव्हा दुसरा पायातच होता.