६४९ रुपयांचा २ टीबी पेनड्राइव्ह खरा की बोगस, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की ६४९ रुपयांना २ टीबीचा पेनड्राइव्ह घेतला, लॅपटॉपला लावल्यावर १.९५ टीबी जागा दिसते, विक्रीच्या पानावर ४.२ तारे आहेत, तरी मित्र म्हणतो माल बोगस आहे. परत करायची मुदत संपायला चार दिवस उरलेत, तर खात्री कशी करायची?

सगळ्यात आधी हे वाचा. फोनमधले फोटो या पेनड्राइव्हवर टाकून फोन रिकामा करायचा बेत असेल, तर फोनमधलं काहीही काढू नका. आधीच काढलं असेल, तर या पेनड्राइव्हवर आता एकही नवी फाइल टाकू नका.

मी संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहे. असे पेनड्राइव्ह, मेमरी कार्डं आणि एसएसडी (वेगवान डिस्क) म्हणून विकलेल्या डब्या आमच्या टेबलावर नेहमी येतात. तुमचा मित्र बहुतेक बरोबर सांगतोय. २ टीबीचा पेनड्राइव्ह जगात नाहीच असं नाही, किंग्स्टनने २०१७ मध्ये एक काढला होता. पण तेवढी मेमरी चिप सहा-सातशे रुपयांत येत नाही, काही हजार मोजावेच लागतात.

तुम्हाला दिसणारा १.९५ हा आकडाच मला खटकतो. कंपनी २ टीबी म्हणते तेव्हा हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून अस्सल २ टीबी विंडोजवर सुमारे १.८१ दिसतो. ६४ जीबीचा अस्सल पेनड्राइव्ह ५९ च्या आसपास दिसतो तोही याच कारणाने, त्यात फसवणूक नसते. (कित्येक जण तेवढ्यावरून चांगला माल परत करतात.) १.९५ हा पुरावा नव्हे, पण संशयाला जागा नक्की आहे.

आता आतली गोष्ट. पेनड्राइव्हमध्ये मेमरी चिप असते आणि तिचा कारभार बघणारी एक छोटी कंट्रोलर चिप असते. लॅपटॉप कंट्रोलरला विचारतो, जागा किती? तो सांगेल तेवढी दाखवतो, स्वतः मोजत नाही. बोगस मालात कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) बदलून त्याला २ टीबी सांगायला लावलेलं असतं आणि खरी चिप ३२ किंवा ६४ जीबीची असते. तेवढी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर टाकलेलं एक तर कुठेच लिहिलं जात नाही, नाही तर सुरुवातीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. कॉपी करताना मात्र कसलीही चूक दाखवली जात नाही. फाइलींची नावं आणि आकार ज्या यादीत असतात ती चिपच्या सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, त्यामुळे फोल्डर उघडलं की सगळे फोटो जागेवर दिसतात. उघडायला गेलं की कळतं, आणि बहुतेकांना ते काही महिन्यांनी कळतं. बारशाचे, लग्नाचे, गेलेल्या आईवडिलांचे फोटो घेऊन माणसं येतात तेव्हा त्यांना सांगावं लागतं की हे कधी लिहिलंच गेलं नव्हतं, त्यामुळे कुठल्याही लॅबमध्ये ते परत मिळणार नाही. ६४९ रुपयांपेक्षा मला याची जास्त चीड येते.

४.२ ताऱ्यांचं कोडंही इथेच सुटतं. सगळी मतं पैसे देऊन लिहून घेतलेली असतील असं नाही. माणूस पाकीट उघडतो, लॅपटॉपला लावतो, २ टीबी दिसलं की त्याच दिवशी पाच तारे देतो आणि ‘वेळेत मिळाला, छान चालतो’ असं लिहितो. तो प्रामाणिक आहे, पण त्याने माल वापरलेलाच नाही. म्हणून मतं नव्यापासून जुनी अशी लावा, एक आणि दोन ताऱ्यांची आधी वाचा, आणि ‘काही महिन्यांनी’, ‘फाइल उघडत नाही’ असे शब्द शोधा. ग्राहकांनी टाकलेले फोटोही बघा. पेनड्राइव्हच्या पानावर मोबाइल कव्हरचे फोटो दिसले, तर जुन्या वस्तूचं पान तारे शाबूत ठेवून नव्या मालासाठी वापरलंय असं समजा. शीर्षकात २ टीबी आणि खालच्या तपशिलाच्या तक्त्यात ६४ जीबी, असंही असतं. मार्केटप्लेसच्या, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइटच्या, गोदामातून माल आला म्हणजे तो तपासलेला असतो, असंही धरून चालू नका. गोदाम माल ठेवतं आणि पोचवतं, विकणारा दुसराच असतो.

फोटो अजून फोनमध्येच असतील, तर चाचणी अशी करा. पेनड्राइव्हवर काही असेल तर ते दुसरीकडे उतरवून घ्या, उतरवलेली प्रत उघडून बघा आणि मग पेनड्राइव्ह रिकामा करा. विंडोजसाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे फुकटचं साधन आहे, मॅक आणि लिनक्सवर ‘एफ३’. दोन्ही तुमच्या पेनड्राइव्हवर माहिती लिहितात, परत वाचतात आणि ताडून बघतात. असे पेनड्राइव्ह सेकंदाला दहा एमबीच्या आसपास लिहितात, त्या हिशोबाने पूर्ण २ टीबी भरायलाच दोन दिवसांवर लागतील. तेवढं थांबायची गरज नाही. एच२टेस्टडब्ल्यूमध्ये किती लिहायचं ते ठरवता येतं, तिथे १,५०,००० एमबी द्या. चार-पाच तासांत लिहून होईल, वाचायला आणखी वेळ लागेल, म्हणून रात्री लावून ठेवा. आत ६४ जीबीची चिप असेल तर सकाळी अहवालात स्पष्ट दिसेल की एवढं ठीक, बाकीचं गेलं. त्या अहवालाचा स्क्रीनशॉट ठेवा.

आजच विक्रीच्या पानाचेही स्क्रीनशॉट घ्या: शीर्षक, क्षमता, विक्रेत्याचं नाव, तारीख. ही पानं अचानक गायब होतात. बिल उतरवून ठेवा. परत करताना कारण ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हेच निवडा. ‘आता गरज नाही’ हे पटकन जमणारं कारण निवडलंत, तर तक्रारीचा पाया तुम्हीच काढून घ्याल. ‘फक्त बदलून मिळेल’ असं पानावर लिहिलेलं असेल तरी बोगसच्या बदल्यात दुसरा बोगस घेऊ नका. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, सहसा पानाच्या अगदी तळाशी सापडतो. नियमाचा उल्लेख करून थेट त्यालाच लिहा.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. ६४९ रुपयांसाठी आयोगापर्यंत जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण १९१५ वर नोंद कराच. तक्रारच झाली नाही की तोच माल नव्या नावाने पुन्हा विकायला येतो.

एक मात्र सांभाळा. परतावा अडकला म्हणून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावू नका, तिथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. मार्केटप्लेसच्या अ‍ॅपमधूनच बोला. कोणी ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप मागितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

त्याऐवजी काय घ्यावं? फोटोंसाठी नामांकित कंपनीची १ टीबीची साधी हार्ड डिस्क, कंपनीच्या संकेतस्थळावर ज्या विक्रेत्याचं नाव आहे त्याच्याकडून. आणि फोटोंची दुसरी प्रत आणखी कुठे तरी असल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

चाचणी झाली की अहवालातला आकडा इथेच लिहा. फोटो आधीच त्यावर टाकून फोनमधून काढले असतील, तर चाचणी मुळीच लावू नका. किती जीबी टाकले होते ते सांगा, त्यातलं काय वाचण्यासारखं आहे ते मी सांगतो.