न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी या रेडिओ स्टेशनच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणी सुरू होताच कापलेली का असतात? फाइल खराब आहे का?

फाइल ठणठणीत आहे. तुम्ही म्हणता, वर 'तीन तासांचा कार्यक्रम' लिहिलंय आणि हातात आली वीस मिनिटं. गाण्याची पहिली ओळ लागते न लागते तोच थेट शेवटचे सूर आणि डीजेची बडबड. याला 'स्कोप्ड', म्हणजे गाणी कापून काढलेला एअरचेक म्हणतात.

एअरचेक म्हणजे प्रसारणाचं नमुन्यादाखल केलेलं रेकॉर्डिंग. बहुतेक वेळा ते श्रोत्यांसाठी नसायचंच. दुसऱ्या शहरात नोकरी हवी असली की डीजे अर्जासोबत अशी टेप पाठवायचा. ऐकणाऱ्या साहेबाला गाण्यांत रस नसे, त्याच्या स्टेशनवरही तीच वाजत. हा पठ्ठ्या गाण्यात शिरतो कसा, गायकाने तोंड उघडायच्या आत बोलणं आटपतो का, एवढंच त्याला बघायचं असे. म्हणून अनेक स्टुडिओंत माइक उघडला की आपोआप चालू आणि मिटला की बंद होणारा टेपरेकॉर्डर जोडलेला असे. त्याचं नाव स्किमर.

आमच्या घरी नेमकं उलट चालायचं. बाबा टू-इन-वनवर विविध भारती लावून पॉजवर बोट ठेवून बसायचे. निवेदक बोलायला लागला की दाब. त्या कॅसेटींतली झाडून सगळी गाणी आज मोबाइलवर मिळतात. बोट उशिरा पडलं म्हणून राहून गेलेली निवेदकाची अर्धीमुर्धी वाक्यं मात्र दुसरीकडे कुठेच नाहीत.

असो. तरीही माझा सल्ला, आधी 'अनस्कोप्ड', म्हणजे न कापलेली प्रत शोधा. का, ते एका उदाहरणाने सांगतो. ९ नोव्हेंबर १९६५, संध्याकाळचे साडेपाच वाजत आलेत. डब्ल्यूएबीसीवर डीजे डॅन इन्ग्रॅम (१९६१ ते १९८२ एवढा काळ हा माणूस तिथे होता) जोनाथन किंगचं 'एव्हरीवन्स गॉन टू द मून' लावतो. गाणं मुळातच संथ, पण आता ते आणखी रेंगाळायला लागतं, सूर खाली घसरतो. इन्ग्रॅमच्याही ते कानाला लागतं आणि तो त्याची थट्टा करतो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की ईशान्य अमेरिकेतली वीज चालली आहे! पुरवठ्याची वारंवारता खाली येत होती आणि तिच्यावर फिरणाऱ्या स्टुडिओतल्या मोटरी मंदावत होत्या. थोड्याच वेळात न्यूयॉर्क अंधारात. आता हेच रेकॉर्डिंग कापून ठेवलं असतं तर? थट्टा उरली असती, रेंगाळणारं गाणं गेलं असतं.

दोन गोष्टी फाइल 'दुरुस्त' करायला बसण्याआधी लक्षात घ्या. डीजेचा आवाज मोठ्या दिवाणखान्यात बोलल्यासारखा घुमतो, तो दोष नाही. स्टेशन मुद्दाम प्रतिध्वनी मिसळायचं आणि तीच त्याची ओळख होती. आणि आवाज लाटेसारखा येत-जात असेल तर कुणीतरी तो रात्री लांबून टिपलेला असणार. मी न्यू जर्सीत राहतो. या स्टेशनचा मनोरा इथेच लोडाय गावात आहे, ७७० किलोहर्ट्झ, ५०,००० वॉट. रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परतून येतात, त्यामुळे पलीकडच्या कितीतरी राज्यांतली पोरं उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन हे ऐकायची. टेपचा वेग मात्र जरूर तपासा. जिंगल, म्हणजे स्टेशनची ओळखीची छोटी धून, कार्टूनमधल्या चिपमंक खारींसारखी चिरकी वाटली तर टेप जास्त वेगाने पळतेय.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर शेवटापासून करा. १० मे १९८२, सकाळी इन्ग्रॅम आणि तिथलाच दुसरा डीजे रॉन लंडी या दोघांचा निरोपाचा कार्यक्रम. बाराच्या ठोक्याला स्टेशन संगीत सोडून गप्पांच्या कार्यक्रमांकडे वळणार होतं. शेवटचं गाणं जॉन लेननचं 'इमॅजिन', मग नेहमीची जिंगल, मग काही सेकंद नुसती शांतता. प्रत उतरवून घेताना एवढंच बघा, कापणाऱ्याने ती शांतता शिल्लक ठेवली आहे का.