व्हिएन्नात अर्धा दिवस आणि एक राजवाडा

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुप टूरने युरोपला जातोय. व्हिएन्नात अर्धा दिवस मोकळा दिलाय. मुलगा म्हणतो, शोनब्रुन राजवाडा बघाच. ह्यांचं म्हणणं, म्हैसूर पाहिलं, जयपूर पाहिलं, आता आणखी एक राजवाडा कशाला? त्यात माझे गुडघे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यजमानांचं अर्धं खरं आहे. झुंबरं आणि सोन्याचा मुलामा बघायला व्हिएन्नापर्यंत जायची गरज नाही. मी मराठी मंडळींचे गट घेऊन तिथे वर्षानुवर्षं जात होते, आणि पाचव्या-सहाव्या दालनापासून माणसं छताकडे बघणं सोडून खुर्ची शोधायला लागतात, हे माझ्या चांगलं परिचयाचं आहे. तरीही जा म्हणेन, आणि त्याला कारण एकच खोली आहे.

तिचं नाव मिलियन रूम. मारिया तेरेसा ही तिथली राणी, सोळा मुलांची आई. १७४०च्या दशकापासून तिने हा राजवाडा नव्याने सजवून घेतला. या खोलीच्या भिंती गडद शिसवीसारख्या मौल्यवान लाकडाने मढवल्या आहेत. त्या लाकडात वेड्यावाकड्या आकाराच्या सोनेरी चौकटी बसवल्यात आणि चौकटींत चित्रं आहेत. लांबून नक्षी वाटते. जवळ जाऊन बघा: पगड्या, जामे, हुक्का, गालिचे, बागेतल्या बैठका. ही सगळी आपल्याकडची मुघल लघुचित्रं! राजघराण्यातल्या मंडळींनी ती कात्रीने कापली आणि चौकटीच्या आकाराप्रमाणे तुकडे जुळवून चिकटवली. एका चित्रातला माणूस दुसऱ्या चित्रातल्या झाडाखाली बसलाय, असा सगळा कारभार. मला दर वेळी पहिल्यांदा राग यायचा. आपल्या कलाकाराने एका केसाच्या कुंचल्याने काढलेली चित्रं, आणि तुम्ही त्यांची कात्रणं करता! मग त्या तुकड्यांमध्येच इतकं बघायला मिळायचं की राग बाजूला राहायचा.

यजमानांना आणखी एक गोष्ट सांगा. सतराव्या शतकात ॲम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्रांने काही मुघल चित्रांवरून स्वतः रेखाटनं केली होती. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचं त्याचं एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि अभ्यासक त्याचा संबंध याच खोलीतल्या चित्राशी जोडतात. एवढ्यासाठी तरी ते येतील असं वाटतं.

तिकीट काढताना मात्र नीट बघून घ्या. १,४४१ खोल्यांपैकी आपल्याला फार तर चाळीसेक दाखवतात, आणि प्रत्येक फेरीत ही खोली येतेच असं नाही. टूरवाले बहुधा छोटीच फेरी घेतात, तेव्हा आधीच विचारा. मोकळ्या वेळात स्वतः जाणार असाल तर वेळ ठरलेलं तिकीट ऑनलाइन काढा, शक्यतो सकाळचं पहिलं. यू-४ मेट्रोला राजवाड्याच्याच नावाचं स्टेशन आहे. मी जायचे तेव्हा आत फोटो काढू देत नसत, त्यामुळे फेरी लवकर आटपायची. हे मी फायद्यात धरायचे. लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी आतमध्ये नको. बाहेरच्या बागेत मात्र खडीच्या लांबलचक वाटा आहेत आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या मंडपापर्यंत चढ आहे. तो चढ सोडा, मंडप खालूनही छान दिसतो.

वाटेत दोन ठिकाणी थांबा. एक, सम्राट फ्रान्झ जोसेफची झोपायची खोली. अडुसष्ट वर्षं राज्य केलेला माणूस, आणि पलंग साधा लोखंडी. पहाटे पाचच्या आत उठून फायली उपसायला बसायचा. १९१६ साली याच खोलीत गेला. दोन, नेपोलियनची खोली. व्हिएन्ना जिंकल्यावर तो या राजवाड्यात उतरला होता. पुढे त्याचा मुलगा इथेच आजोळी वाढला आणि १८३२ साली क्षयाने गेला, वय अवघं एकवीस. त्याच्या मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा मुखवटा तिथे आहे आणि शेजारी काचेखाली त्याचा पाळलेला चंडोल पक्षी, पेंढा भरून ठेवलेला. आमच्या गटातल्या बायका सोनं विसरायच्या, तो पक्षी कुणी विसरायचं नाही.

आणि हो, दालनांच्या कोपऱ्यात चिनी मातीच्या उंच पांढऱ्या-सोनेरी शेगड्या दिसतील. त्यांना समोरून दारच नाही. नोकर भिंतीमागच्या बोळातून लाकडं घालायचे, म्हणजे राजाला ना धूर, ना राख, ना नोकर दिसायचा. राजवाड्याच्या काही भागात आजही लोक भाड्याने राहतात. वाड्यातले भाडेकरू म्हणजे काय, हे पुण्याच्या वाचकांना सांगायला नको.

प्रश्न : शोनब्रुन की शहरातला होफबुर्ग? एकच जमेल.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुक्काम शहराच्या मध्यात आणि हातात दोनच तास असतील तर होफबुर्ग. तो हिवाळ्यातला राजवाडा, तर शोनब्रुन उन्हाळ्यातला. होफबुर्गमध्ये सम्राज्ञी एलिझाबेथच्या, म्हणजे सिसीच्या, खोलीत व्यायामाच्या रिंग टांगलेल्या दिसतात. त्या काळच्या दरबाराला तो मोठा धक्का होता. तिचा नवरा सम्राट फ्रान्झ जोसेफ आठवड्यातून दोनदा सामान्य लोकांना भेटायचा, उभ्याने, एकेकाला काही मिनिटं. ती खोलीही बघायला मिळते. बागेची आवड असेल तर मात्र विचार न करता शोनब्रुन. बागेला तिकीट नाही.

प्रश्न : बरोबर आठ वर्षांचा नातू आहे. राजवाड्यात कंटाळेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हमखास. त्याला आरशांच्या दालनात तेवढा न्या. १७६२ साली सहा वर्षांचा मोझार्ट, पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार, इथे मारिया तेरेसा राणीपुढे वाजवून गेला आणि वाजवून झाल्यावर थेट तिच्या मांडीवर चढून बसला, असं सांगतात. मग बागेतल्या प्राणिसंग्रहालयात घेऊन जा. १७५२ सालचं आहे, जगात आजही चालू असलेल्यांत सर्वांत जुनं. तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि पांडा बघायचा असेल तर सकाळीच जा, दुपारी तो झोपलेला असू शकतो.