'मॉने' म्हणजे 'मनी' नव्हे

प्रश्न : फ्रेंचच्या वर्गात आम्ही दुकान-दुकान खेळतो. खेळातल्या पैशांना 'मॉने' म्हणायचं की 'आर्झाँ'?

उत्तर : 'आर्झाँ'. इंग्रजी 'मनी' डोक्यात ठेवून 'मॉने' म्हणणारे इतके भेटतात की आता राग येतो. दोन्ही शब्द लॅटिन 'मोनेता'चेच. रोममध्ये यूनो मोनेता देवीच्या देवळाशी टाकसाळ होती, त्यावरून हा शब्द. पण फ्रेंचमध्ये 'मॉने' म्हणजे नाणी, चलन आणि दुकानात बहुतेक वेळा मोड, सुटे पैसे. 'झ ने पा द मॉने' (माझ्याकडे सुटे नाहीत) हे पन्नास युरोची नोट बाळगणाराही म्हणेल. कफल्लक माणूस म्हणेल, 'झ ने पा दार्झाँ' (माझ्याकडे पैसेच नाहीत). खेळात गिऱ्हाइकाला नुसत्या नोटाच द्या. तीन युरो चाळीस सांतीमची वस्तू, हातात दहाची नोट. आता दुकानदाराला सहा युरो साठ सांतीम परत द्यावेच लागतात. यालाच 'राँद्र ला मॉने' म्हणतात. एवढ्यानं फरक पक्का होतो.

खरी गंमत 'आर्झाँ'मध्ये आहे. त्याचा मूळ अर्थ चांदी, आणि आजही फ्रेंचमध्ये चांदीला हाच शब्द आहे. लॅटिन 'अर्गेंतुम'मधून तो आला. आर्जेन्टिना देशाचं नावही त्यातलंच. या शब्दाच्या मुळाशी 'पांढरं, चकाकणारं' असा अर्थ आहे आणि त्याच मुळाचा संस्कृत शब्द आहे 'अर्जुन'! ऋग्वेदात 'अहश्च कृष्णमहरर्जुनं च' असं आलंय : एक दिवस काळा, म्हणजे रात्र, आणि एक अर्जुन, म्हणजे उजळ. महाभारतातला अर्जुनही आपल्या नावाचा उलगडा करताना शुभ्र कर्माचा दाखला देतो. फिकट सालीच्या अर्जुनवृक्षाचं नाव आठवा. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलाला हे सांगितलं, तर तो 'आर्झाँ' जन्मात विसरणार नाही, अशी माझी खात्री आहे.

'रजत'ही याच घराण्यातला. परंपरेतले व्याकरणकार तो 'रञ्ज्' म्हणजे रंगवणे या धातूपासून साधतात, आणि अजूनही मंडळी तेच घोकतात. ते मला साफ अमान्य आहे. चांदी कशाला रंग देते? अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, चांदीला 'एरेझत' म्हणतात, लॅटिनमध्ये 'अर्गेंतुम', जुन्या आयरिशमध्ये 'अर्गत'. इतक्या दूरदूरच्या भाषा चांदीला एकाच घडणीचा शब्द वापरत असताना 'रजत' तेवढा रंगाऱ्याच्या घरचा कसा?

आणि हो, मुलांना 'अं नार्झाँ' ('अं' म्हणजे एक) म्हणू देऊ नका. पैसा या अर्थी हा शब्द मोजला जात नाही, 'द लार्झाँ' म्हणायचं. मोजायचंच असेल तर नाण्याला 'पिएस' आणि नोटेला 'बिये'.